एका झाडाचे दोन भाडेकरू

मागच्या महिन्यात मोठ्या गटात आम्ही ‘साम्य आणि फरक’ हा खेळ घेतला. खेळ जुनाच आहे. डोळे मिटून डब्यातून दोन चिठ्ठ्या उचलायच्या आणि त्या दोन गोष्टींत सारखे काय, वेगळे काय, ते मराठीत सांगायचे. ‘चहा’ आणि ‘कॉफी’ निघाली तर काम सोपे. या वेळी चिठ्ठ्या मुलांनीच लिहिल्या होत्या. उन्हाळ्यात आपल्या वर्गातली काही कुटुंबे सायप्रस हिल्सला तंबू ठोकून राहून आली, त्यामुळे डब्यात मूस होता, डास होते, पावसात भिजलेली झोपायची पिशवीसुद्धा होती. एका मुलीच्या हाताला पहिली चिठ्ठी लागली ‘वटवाघूळ’. दुसरी लागली ‘झाडावरचा खूर’.

सगळा वर्ग हसला. ती मात्र जरा विचार करून म्हणाली, “दोघं झाडाला चिकटतात. आणि दोघं आईला आवडत नाहीत.”

तिला पूर्ण गुण दिले. तेवढ्यात मागून प्रश्न आला, “ताई, पण झाडावर आधी कोण येतं? खूर की वटवाघूळ?”

ताईंना उत्तर येत नव्हते. दाराशी उभ्या असलेल्या आम्हा पालकांपैकी कुणालाच येत नव्हते. एरवी अशा प्रश्नाला आपण “पुढच्या आठवड्यात सांगू हं” म्हणतो आणि पुढच्या आठवड्यात सगळेच विसरतात. या वेळी तसे करता आले नाही. आपल्यातल्याच एका कुटुंबाच्या परसात असे खूर आलेले झाड उभे होते, आणि ते पाडायचे की ठेवायचे हे ठरत नव्हते. म्हणून आम्ही खरोखरच बसून वाचले. जे समजले ते इथे लिहितो. परसातल्या झाडाचे काय झाले ते शेवटी सांगू.

आधी खूर म्हणजे काय ते पाहू. जे सहलीला आले नव्हते त्यांनी तो पाहिलेला नाही, आणि फोटो छापावा तर झेरॉक्समध्ये नुसता काळा डाग उमटतो. ॲस्पेनचे झाड मात्र कॅल्गरीत राहणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. पांढरट गुळगुळीत खोड, गोलसर पाने, आणि जरा झुळूक आली की सुरू होणारी सळसळ. आपल्या पिंपळाची आठवण यावी अशी. ॲस्पेनच्या पानाचा देठ चपटा असतो, त्यामुळे पान स्थिर राहूच शकत नाही. अशा झाडाच्या खोडावर, बहुधा जुनी फांदी गळून पडली त्या जागी, घोड्याच्या खुरासारखा एक गोळा चिकटलेला दिसतो. वरून काळा आणि तडे गेलेला, खालून तपकिरी. हाताला लाकडासारखा टणक लागतो. हा एका बुरशीचा भाग आहे. तिचे शास्त्रीय नाव फेलिनस ट्रेम्युली. ती ॲस्पेनवरच वाढते, दुसऱ्या झाडांच्या वाटेला जात नाही.

भाग म्हटले, कारण खूर म्हणजे सगळी बुरशी नव्हे. आंबा म्हणजे आंब्याचे झाड नव्हे, तसेच. खूर हे तिचे फळ. खरी बुरशी खोडाच्या आत असते, केसाहून बारीक धाग्यांच्या रूपात, आणि फळ दिसण्याआधी कित्येक वर्षे ती आत पसरत असते.

ज्यांचे आजोळ कोकणात किंवा गोव्यात आहे त्यांनी आपल्या आजीला ‘फणसांबा’ माहीत आहे का, हे जरूर विचारावे. काही जण फणसोंबा म्हणतात, काही फणस-अळंबी. फणसाच्या जुन्या खोडावर येणारा तो एक कठीण, तपकिरी गोळा. लहान मुलाची लाळ फार गळू लागली की तो सहाणेवर उगाळून लावत. हा फणसांबा आपल्या ॲस्पेनच्या खुराचा जवळचा नातेवाईक आहे. म्हणजे सायप्रस हिल्समध्ये मुले ज्याला “व्हॉट इज दॅट” म्हणून काठीने ठोकत होती, त्याचा भाऊबंद आजीच्या औषधाच्या डब्यात असू शकतो. (मुलांनो, ही गोष्ट नात्याची आहे, औषधाची नाही. इथला खूर उगाळून कुणीही काही करायचे नाही.)

आता ही बुरशी जेवते कशी ते बघा. आपण घास तोंडात घालतो आणि मग तो पोटात पचतो. बुरशीला तोंड नाही आणि पोटही नाही. ती आपले पाचक रस बाहेर सोडते, लाकूड जागच्या जागी पचवते आणि मग तयार रस शोषून घेते. आधी पचवायचे, मग खायचे!

लाकूड पचवणे सोपे नाही. ज्यांनी गावाकडे कुडाची भिंत पाहिली असेल त्यांना हे लगेच कळेल. कारवीच्या काठ्या उभ्या करायच्या आणि त्यांवर शेण-माती लिंपायची. लाकडातही तसेच असते. सेल्युलोजचे धागे म्हणजे काठ्या, आणि लिग्निन नावाचा पदार्थ म्हणजे लिंपण. हे लिंपण इतके चिवट की जगातल्या फार थोड्या जिवांना ते फोडता येते, आणि त्यांत बुरशी पहिल्या क्रमांकावर. आपली खुराची बुरशी लिंपणही खाते आणि काठ्याही खाते. मागे उरते फिकट, मऊ, स्पंजासारखे लाकूड. ते कापले तर त्यात शाईने ओढल्यासारख्या बारीक काळ्या रेघा दिसतात.

इथे कुणालाही झाडाची काळजी वाटेल. आम्हालाही वाटली. पण झाडाचे जिवंतपण बाहेरच्या भागात असते. साल, सालीखालचा पातळ थर आणि त्याच्या आतले ओले लाकूड, एवढे पाणी आणि अन्न वाहते ठेवते. मधला गाभा हा जुना झालेला, मृत लाकडाचा खांब असतो. बुरशी मुख्यतः तो गाभा खाते. म्हणून आतून पोकळ होत चाललेले ॲस्पेन बाहेरून कित्येक वर्षे हिरवेगार दिसते आणि सळसळत राहते. वाऱ्याच्या मोठ्या झोतात ते मोडू शकते, हेही खरे. ती गोष्ट पुढे येईल.

आता दुसरी चिठ्ठी. वटवाघूळ म्हटले की आई-बाबांच्या डोळ्यांपुढे वडाला उलटी टांगलेली, फळे खाणारी मोठाली वटवाघळे येतात. नावातच ‘वट’ आहे. इथली तशी नाहीत. कॅनडातली वटवाघळे लहान असतात आणि किडे खातात. कोकणात देवळाच्या गाभाऱ्यात फडफडणाऱ्या छोट्या वटवाघळांना काही लोक पाकोळी म्हणतात, त्यांच्याशी यांचे अधिक जमेल. आम्ही तुलनेसाठी घेतले ते मोठे तपकिरी वटवाघूळ, शास्त्रीय नाव एप्टेसिकस फस्कस. नावात ‘मोठे’ असले तरी वजन साधारण तीन लूनींइतके. खिशातून तीन लूनी काढा आणि तळहातावर ठेवून पाहा. पंख पसरले की मात्र ते एका फुटापेक्षा रुंद होते. ते पंख म्हणजे त्याचे हातच आहेत. लांबच लांब बोटे आणि त्यांच्यामध्ये ताणलेली पातळ कातडी. वटवाघूळ आंधळे नसते, ते केसात अडकत नाही, आणि घरात आले तर अशुभही नाही. या तीन गोष्टी आमच्यापैकी निम्म्या जणांना लहानपणी कुणी ना कुणी सांगितल्या होत्या, म्हणून एकदा लिहून टाकतो.

जेवणात दोघांमध्ये केवढा फरक! बुरशी एका जागी बसून एकच खांब वर्षानुवर्षे खाते. वटवाघूळ रात्रभर उडते, आवाज करते, त्याचा प्रतिध्वनी ऐकते आणि अंधारात भुंगेरे पकडते. त्याचा जबडा मजबूत असतो आणि भुंगेऱ्यांची कडक कवचे ते कुरुमकुरुम चावते. दूध पाजणारी आई एका रात्रीत जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके किडे खाते. तुमच्या आईने एका रात्रीत साठ किलो जेवावे तसे झाले!

बाळांच्या बाबतीत तर दोघे दोन टोकांना आहेत. खुराच्या खालच्या बाजूला सुईच्या टोकाएवढी असंख्य छिद्रे असतात. त्यांतून बीजाणू नावाची धूळ बाहेर पडते, आणि एक खूर अशी कोट्यवधी बीजे वाऱ्यावर सोडतो. त्यांतले एखादे दुसऱ्या ॲस्पेनच्या मोडक्या फांदीवर पडून रुजले तर रुजले. इकडे वटवाघळाच्या आईला आपल्या या पश्चिम भागात वर्षाला बहुधा एकच पिल्लू होते. पूर्वेकडे जुळीही होतात. जन्मताच ते पिल्लू आईच्या वजनाच्या सुमारे पंचमांश भरते. साठ किलोच्या बाईला बारा किलोचे बाळ! वर्गातल्या एका आईने हा हिशेब ऐकून खाली बसूनच घेतले.

म्हणून वटवाघळांची संख्या एकदा घटली की भरून यायला फार वर्षे लागतात. उंदराएवढा जीव असून ते उंदरासारखे भराभर वाढत नाहीत. त्याऐवजी ते खूप जगतात. उंदीर एक-दोन वर्षांचा, पण मोठे तपकिरी वटवाघूळ वीस वर्षांच्या आसपास जगलेले आढळले आहे. खूरही अनेक वर्षे टिकतो आणि दर वर्षी खालून एक नवा थर चढवतो. तुटून पडलेला खूर मधोमध कापला तर थर मोजता येतात.

हिवाळ्यात खूर तिथेच, उणे तीसमध्येही, मुकाट्याने झाडाला चिकटून असतो. वटवाघूळ झोपते. ही झोप आपल्या झोपेसारखी नाही. शरीर जवळजवळ भोवतालच्या हवेइतके थंड होते, श्वास आणि ठोके मंदावतात, आणि शरद ऋतूत साठवलेली चरबी थेंब थेंब वापरत वसंत गाठायचा असतो. आपल्यापासून दोन-सव्वादोन तासांवर डायनोसॉर प्रोव्हिन्शियल पार्क आहे. बहुतेक मुले तिथे जाऊन आली आहेत आणि सगळ्यांनी हाडांबरोबर फोटो काढले आहेत. त्याच रेड डिअर नदीच्या काठच्या खडकांतल्या खोल भेगांमध्ये मोठी तपकिरी वटवाघळे हिवाळा काढतात. कॅल्गरी विद्यापीठातल्या कोरी लॉसेन आणि रॉबर्ट बार्क्ले यांनी २००६ साली हे प्रसिद्ध केले. मधूनच जागी होऊन ती शून्याखालच्या थंडीतही उडताना दिसली होती.

एवढे फरक वाचून आम्ही म्हटले, साम्य काही उरलेच नाही. मग एक गोष्ट सापडली. झाड, बुरशी आणि वटवाघूळ अशी तीन नावे फळ्यावर लिहिली आणि यांत जवळचे नातेवाईक कोण, असे विचारले, तर सगळी मुले झाड आणि बुरशी यांना एकत्र बांधतात. आम्हीही बांधले असते. पण शास्त्रज्ञ सांगतात की बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळची आहे. अंदाजे शंभर कोटी वर्षांपूर्वी बुरशी आणि प्राणी यांचा पूर्वज एकच होता. झाडांची वाट त्याच्याही आधी वेगळी झाली. झाड उन्हातून आपले अन्न करते. बुरशी आणि वटवाघूळ दोघेही दुसऱ्याने केलेले खातात. आणखी एक गंमत. बुरशीच्या पेशींच्या भिंतीत कायटिन नावाचा पदार्थ असतो. भुंगेऱ्याचे कडक कवच बनते तेही कायटिनचेच. म्हणजे वटवाघूळ रोज रात्री जे कुरुमकुरुम चावते आणि खूर ज्याचा बनतो, त्यांत एक पदार्थ समान आहे.

आता मूळ प्रश्न. आधी कोण?

आधी बुरशी. पण बुरशी आणि वटवाघूळ यांच्या मध्ये एक तिसरा पाहुणा आहे, सुतारपक्षी. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये लॉरेन्स किलहॅम नावाचे विषाणूंवर काम करणारे डॉक्टर होते. फावल्या वेळात ते पक्षी पाहत. झाडांचा रस पिणारा एक सुतारपक्षी घरट्यासाठी कुठले झाड निवडतो, हे त्यांनी बारकाईने पाहिले आणि १९७१ साली लिहिले की हा पक्षी खुराची बुरशी लागलेले ॲस्पेन पसंत करतो. कारण साधे आहे. निरोगी ॲस्पेन कोरायचे म्हणजे चोचीची परीक्षा. बुरशीने मऊ केलेल्या झाडात बाहेरचा टणक थर एकदा फोडला की आत काम भराभर होते. वर तो टणक थर भिंतीसारखा उभा राहतो, त्यामुळे रॅकूनला पंजाने ओरबाडून आत शिरता येत नाही. आत मऊ, बाहेर टणक! हा पक्षी पुष्कळदा त्याच झाडावर परत येतो आणि नवे भोक पाडतो. मग जुन्या ॲस्पेनच्या खोडावर एकावर एक भोके दिसतात, इमारतीच्या मजल्यांसारखी. पक्षी दर वर्षी नव्या मजल्यावर, जुने मजले रिकामे.

झाडातल्या अशा पोकळ जागेला मराठीत सुंदर शब्द आहे, ढोली. पोपट ढोलीत राहतो, पिंगळा ढोलीत राहतो, सह्याद्रीतल्या धनेशाची मादी ढोलीतल्या घरट्यात स्वतःला बंद करून घेते. वर्गातल्या कुणालाच हा शब्द येत नव्हता. आता सर्वांना येतो, आणि एका मुलाने आपल्या बंक बेडच्या खालच्या भागाला ढोली म्हणायला सुरुवात केली आहे.

या रिकाम्या ढोल्यांत वटवाघळे येतात. त्यांना चोच नाही, नखांनी लाकूड कोरता येत नाही. बुरशीने मऊ केलेले आणि पक्ष्याने कोरलेले घर त्यांना आयते मिळते, आणि बुरशी आत खात राहिल्यामुळे ते वर्षागणिक रुंदही होत जाते. भिंत खाणारा भाडेकरू म्हणून बुरशीला नावे ठेवायची की नाही, हे तुम्हीच ठरवा.

हे सगळे सायप्रस हिल्समध्येच फार चांगले अभ्यासले गेले आहे, आणि आम्ही तिथे तीन दिवस मार्शमेलो भाजत बसलो होतो! (त्या डोंगरावर सायप्रसचे झाड एकही नाही, बरे का. फ्रेंच बोलणाऱ्या जुन्या प्रवाशांनी तिथल्या पाइनला ‘सिप्रे’ म्हटले आणि ते नाव चिकटले.) कॅल्गरीहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर, अल्बर्टा आणि सस्कॅचवानच्या सीमेवर, गवताच्या सपाट प्रदेशात मधूनच उठलेला हा डोंगर. सस्कॅचवानच्या बाजूच्या रानात रेजायना विद्यापीठाचे मार्क ब्रिगॅम आणि त्यांचे विद्यार्थी १९९० च्या दशकापासून मोठ्या तपकिरी वटवाघळांच्या मागावर होते. वटवाघळाच्या पाठीवर एक ग्रॅमपेक्षा हलका रेडिओ चिकटवायचा आणि दिवसा अँटेना घेऊन ते कुठल्या झाडात झोपले आहे ते शोधायचे.

त्यांना काय दिसले? उन्हाळ्यात माद्या एकत्र येतात आणि ॲस्पेनच्या ढोल्यांत पिल्ले वाढवतात. पण एका घरात राहत नाहीत. दर एक-दोन दिवसांनी ढोली बदलतात. आज वीसजणी या झाडात, उद्या त्यांतल्या बाराजणी पलीकडच्या झाडात, परवा पुन्हा वेगळी मांडणी. क्रेग विलिस आणि ब्रिगॅम यांनी २००४ साली दाखवले की ही सगळी मिळून एकच वसाहत असते, अनेक झाडांत पसरलेली. आम्हाला चाळ आठवली. खोल्या वेगळ्या, माणसे सगळीकडे. त्याच दोघांनी २००७ साली आणखी एक गोष्ट लिहिली. ढोली उबदार राहते ती मुख्यतः आत दाटीवाटीने बसलेल्या वटवाघळांच्या उबेने. जितक्या जास्त, तितके गरम. पिल्लांना ती ऊब हवी असते.

मग २००८ साली त्यांच्या गटाने या माद्यांचे नाते तपासले, रक्ताचे. एका ढोलीत राहणाऱ्या या बहिणी-बहिणी असतील, मायलेकी असतील, असे कुणालाही वाटेल. तसे निघाले नाही. कोण कुणाबरोबर राहते याचा रक्ताच्या नात्याशी संबंध दिसला नाही. तरी त्याच त्या माद्या वर्षानुवर्षे त्याच रानात परत येतात आणि एकमेकींना शोधतात. हे वाचून झाल्यावर आमच्यापैकी एक काकू म्हणाल्या, “म्हणजे आपल्या गणपतीसारखंच की. इथे कोण कुणाचं सख्खं आहे?” आम्ही हे शास्त्रीय मत म्हणून देत नाही.

एक गोष्ट मात्र पालकांनी लक्षात घ्यावी अशी आहे. वसाहतीला एक झाड पुरत नाही, जवळजवळ अशी अनेक ढोलीची झाडे लागतात. आणि ढोलीची झाडे तरुण रानात नसतात. बुरशीला गाभा मऊ करायला वेळ लागतो, पक्ष्याला मग भोक पाडायचे असते. कॅल्गरी विद्यापीठाच्या लिसा क्रॅम्प्टन आणि बार्क्ले यांनी १९९८ साली अल्बर्टाच्या उत्तरेकडच्या ॲस्पेनच्या रानांची तुलना केली. तिथली जात वेगळी होती, पण वटवाघळांचा वावर सर्वांत जास्त जुन्या रानात होता. ‘सडके झाड काढा, रान स्वच्छ करा’ हे ऐकायला बरे वाटते. त्यात राहणाऱ्याला विचारून कुणी काढत नाही.

आता एक गोंधळ मिटवतो, कारण तो आमच्यातच झाला. ही चर्चा ऐकून एका बाबांनी सांगितले, “अहो, बुरशीमुळेच तर वटवाघळं मरतायत! सगळे खूर कुऱ्हाडीने पाडून टाकले पाहिजेत.” त्यांनी बातमी बरोबर वाचली होती, पण बुरशी दुसरी. ती लाकडावर जगणारी नाही. थंड गुहांमध्ये झोपलेल्या वटवाघळांच्या नाकावर आणि पंखांवर ती पांढरी वाढते, म्हणून त्या रोगाला पांढऱ्या नाकाचा रोग म्हणतात. वटवाघळे हिवाळ्यात पुन्हा पुन्हा जागी होतात, चरबी संपते आणि ती उपाशी मरतात. उत्तर अमेरिकेत हा रोग प्रथम २००६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत दिसला. २०१० मध्ये तो ओंटारिओ आणि क्वेबेकमध्ये आला. लाखो वटवाघळे मेली, आणि २०१४ साली कॅनडाने तीन जाती धोक्यातल्या म्हणून तातडीने जाहीर केल्या. बुरशी आता प्रेअरी प्रांतांपर्यंत पोचली आहे. युरोपातल्या वटवाघळांना ती बुरशी फारशी मारत नाही. त्यांची तिची जुनी ओळख आहे, इथल्यांची नव्हती. आपल्या मोठ्या तपकिरी वटवाघळाला या रोगाचा फटका तुलनेने कमी बसला. माणसांच्या बुटांना आणि कपड्यांना चिकटून ही बुरशी गुहेतून गुहेत जाऊ शकते, म्हणून अल्बर्टातली कॅडोमिन गुहा २०१० साली लोकांसाठी बंद करण्यात आली. खुराचा याच्याशी काही संबंध नाही. आणि खूर पाडल्याने झाड बरेही होत नाही. आंबे उतरवले म्हणून आंब्याचे झाड जात नाही.

आणखी एक सूचना, ही खेळातली नाही. मुलांनो, वटवाघळाला हात लावायचा नाही. जमिनीवर पडलेल्या वटवाघळाला तर मुळीच नाही. त्यांतल्या थोड्या वटवाघळांना रेबीज असतो, आणि त्यांचा चावा इतका बारीक असतो की खूण दिसतही नाही. २०२४ साली ओंटारिओत खोलीत शिरलेल्या वटवाघळामुळे एक लहान मूल रेबीजने दगावले. चाव्याची खूण दिसली नव्हती, म्हणून लस दिली गेली नव्हती. मूल झोपले असताना खोलीत वटवाघूळ सापडले तर पालकांनी खूण शोधत बसू नये, लगेच ८११ ला फोन करावा. लस वेळेवर घेतली तर धोका टळतो. वटवाघळावर प्रेम करायचे ते लांबून.

आता परसातले झाड. ॲस्पेन जुने, खोडावर पाच खूर, दोन जुनी भोके, आणि वरचा भाग शेजाऱ्यांच्या गॅरेजकडे कललेला. झाडे कापणाऱ्याने पाहिले, बुटाने बुंधा ठोकला आणि सांगितले की मुळापासून काढा. त्याचेही खरे होते. एक खूर दिसला की खोडाचा आत वर-खाली काही मीटर गाभा गेलेला असतो, आणि हे झाड पडले असते तर गॅरेजवर पडले असते. घरातल्या आजोबांचे म्हणणे, काढून टाका. मुलीचे म्हणणे, ढोली आहे, काढायची नाही. (हीच ती चिठ्ठीवाली मुलगी. तेव्हा आम्हाला माहीत नव्हते.) आई-बाबा दोघांच्या मध्ये.

शेवटी दुसऱ्या माणसाला बोलावले. त्याने तिसरा मार्ग सांगितला. वरचा कललेला भाग उतरवायचा आणि चार मीटरचे खोड, भोकांसकट, उभे ठेवायचे. पक्ष्यांच्या घरट्यांचे दिवस सरू दिले आणि सप्टेंबरच्या शेवटी काम केले. भोकांमध्ये आधी कुणी नाही ना, हे तीन संध्याकाळी खुर्च्या टाकून पाहिले. कुणी बाहेर आले नाही. आजोबांनी तिन्ही संध्याकाळी चहा करून आणला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःची खुर्चीही आणली.

त्या ठोकळ्यात वटवाघळे येतीलच असे आम्ही म्हणत नाही. त्यांना उंचावरची ढोली आवडते, आणि हे खोड आता बुटके झाले आहे. सुतारपक्षी कदाचित येईल, चिमणीएवढा एखादा पक्षी नक्की येईल. खूर मात्र पाचच्या पाच जागेवर आहेत, आणि मुलीने सर्वांत खालच्या खुराची रुंदी पट्टीने मोजून वहीत लिहून ठेवली आहे.

येत्या जूनमध्ये परीक्षा झाल्यावरच्या शनिवारी त्या परसात वटवाघळे मोजायला बसायचे ठरले आहे. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य जवळजवळ दहाला मावळतो, तेव्हा लहान गटाच्या मुलांनी दुपारी झोप काढून यावे. येणाऱ्यांनी आपापली घडीची खुर्ची आणि जाड स्वेटर आणावा. चहा आजोबांकडे.